मुलांच्या त्वचेला सनस्क्रीन : ट्यूबची मागची बाजू

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त भरवलेल्या व्याख्यानमालेत, मुलांचे उन्हाळी शिबिर सुरू होण्याच्या आदल्या रविवारी क्लब हाऊसमध्ये झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



सेक्रेटरीसाहेबांनी माझी ओळख करून देताना ‘त्वचातज्ज्ञ’ असा शब्द वापरला. तो आधी दुरुस्त करते. मी डॉक्टर नाही. मी रसायनशास्त्राची पदवीधर. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता तपासणी विभागात ३१ वर्षं नोकरी केली. क्रीमच्या प्रत्येक बॅचमधून नमुना काढायचा, तपासायचा आणि वेष्टनावर जे छापलंय तेच आत आहे ना हे बघायचं, हे माझं काम. त्यामुळे ट्यूबमध्ये काय असतं आणि ते कसं लिहिलेलं असतं, एवढं मी सांगू शकते. कुणाच्या मुलाच्या अंगावर पुरळ आलं तर ते बघायचं काम डॉक्टरांचं. तिथे मला फोन करू नका, त्यांच्याकडे जा.

आता खरं सांगायचं तर आज मी इथे उभी आहे ती त्या ३१ वर्षांच्या अनुभवामुळे नव्हे, तर माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही घरची सगळी दिवेआगरला गेलो होतो. नात तेव्हा चार वर्षांची. सकाळी समुद्रावर निघताना मी आरशासमोर माझं सनस्क्रीन लावत होते. ती शेजारी येऊन उभी राहिली. “आजी, मला पण.” मी बोटावर घेतलं आणि तिच्या गालांना, कपाळाला, डोळ्यांभोवती छान चोळलं. संध्याकाळपर्यंत पोरीचे गाल लालबुंद, पापण्या सुजलेल्या, आणि रडणं थांबेना. गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, काय लावलं होतं ते घेऊन या. मी ट्यूब नेली. त्यांनी चष्मा वर करून मागची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचली आणि एवढंच म्हणाले, “आजी, हे मोठ्यांचं आहे.”

त्या ट्यूबमध्ये सुगंध होता, चेहरा उजळ दिसावा म्हणून घातलेलं आम्ल होतं, आणि तीन-चार रासायनिक गाळण्या होत्या. जन्मभर वेष्टनं तपासलेल्या बाईने स्वतःच्या नातीला लावताना ती वाचली नव्हती. तीन दिवसांत सगळं बरं झालं. सूनबाई मला एका शब्दाने काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्यानंतर तिने घरातली सगळी क्रीमं बंद केली. “काहीच नको, नैसर्गिक ते बरं.” पुढच्या उन्हाळ्यात नात पोहायच्या क्लासला जाऊ लागली. बॅच दुपारी बाराची. चौथ्या दिवशी दोन्ही खांदे भाजून निघाले. फ्रॉकचा बंदसुद्धा सहन होईना.

म्हणजे एकाच घरात दोन चुका. पहिली माझी : न वाचता लावलं. दुसरी भीतीपोटी झालेली : काहीच केलं नाही. या दोन्हींच्या मधली वाट कोणती, तेवढंच आज सांगायचं आहे.

आधी ऊन समजून घेऊ

उन्हातले जे अतिनील किरण आपल्यापर्यंत पोहोचतात ते दोन प्रकारचे. यूव्ही-बी किरण त्वचा भाजतात, लाल करतात. यूव्ही-ए किरण जास्त खोल जातात आणि त्यांचे परिणाम हळूहळू, वर्षानुवर्षांनी दिसतात. खिडकीची साधी काच यूव्ही-बी बरेचसे अडवते, यूव्ही-ए मात्र आत सोडते.

ऊन किती कडक आहे हे कळायला मोबाईलवर यूव्ही इंडेक्स बघता येतो. तो तीन किंवा त्याहून वर असेल तर त्वचेला संरक्षण हवं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोबाईल नसला तरी चालेल. मुलाची सावली बघा. सावली मुलाच्या उंचीपेक्षा लांब असेल तर ऊन सौम्य. सावली उंचीपेक्षा आखूड झाली की सावध व्हायचं. आपल्याकडे मे महिन्याच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस असतो, तो आपण दरवर्षी गच्चीत बाटली उभी करून मुलांना दाखवतो. सावली गायब झाली की मुलं टाळ्या वाजवतात. त्याचाच दुसरा अर्थ असा की त्या दिवसांत दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि नेमकी तेव्हाच शाळांना सुट्टी असते.

मुलांची त्वचा म्हणजे मोठ्यांच्या त्वचेची छोटी आवृत्ती नव्हे. तान्ह्या बाळांची त्वचा पातळ असते, तिचं बाहेरचं आवरण अजून पक्कं व्हायचं असतं. शिवाय वजनाच्या मानाने मुलांच्या अंगाचं क्षेत्रफळ जास्त असतं. म्हणजे अंगभर एकच क्रीम लावलं, तर दर किलो वजनामागे मुलाच्या वाट्याला ते आपल्यापेक्षा जास्त येतं. आणि तिसरी गोष्ट आयांना सांगायला नको : मुलं हात तोंडात घालतात, डोळे चोळतात. गालावर लावलेलं पोटातही जातं.

पुढची बाजू म्हणजे जाहिरात

आता ट्यूब हातात घेऊ. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात काय असतं? ‘किड्स’, ‘जेंटल’, ‘नॅचरल’, ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’, ‘त्वचातज्ज्ञांनी तपासलेले’. या शब्दांमागे सगळ्या कंपन्यांना बांधील अशी एकच ठरलेली कसोटी नाही. ‘किड्स’ लिहून वर हत्तीचं चित्र काढलं म्हणजे आतलं क्रीम वेगळं असतंच असं नाही. ‘मिनरल’ लिहिलेल्या ट्यूबमध्ये झिंक ऑक्साइडच्या जोडीला दोन रासायनिक गाळण्याही निघतात. खोटं कुणी लिहीत नाही, पण सगळं पुढे लिहीत नाहीत.

पुढच्या बाजूवरच्या दोनच गोष्टी उपयोगाच्या. पहिली एसपीएफ. हा आकडा मुख्यतः यूव्ही-बी किरणांबद्दल असतो. एसपीएफ ३० असेल तर साधारण ९७ टक्के यूव्ही-बी अडतात, ५० असेल तर ९८ टक्के. फरक एका टक्क्याचा. मुलांना ३० पुरे, ५० असलं तरी हरकत नाही, पण शंभराच्या मागे लागू नका. दुसरी गोष्ट म्हणजे पीए आणि त्यापुढची अधिक चिन्हं. ती यूव्ही-एबद्दल सांगतात. तीन किंवा चार अधिक असतील तर चांगलं. ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ दोन्ही प्रकारच्या किरणांपासून संरक्षण.

बाकी पुढची बाजू विसरून जा. ट्यूब उलटी करा.

मागची बाजू म्हणजे माहिती

आपल्याकडे सनस्क्रीन बहुतेक वेळा सौंदर्यप्रसाधन म्हणून विकलं जातं. त्याला २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात, आणि कोणते घटक चालतात, कोणते नाहीत, याच्या याद्या भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ४७०७ या मानकात आहेत. अमेरिकेत मात्र सनस्क्रीनला औषध समजतात. म्हणून तिकडून मुलाने किंवा लेकीने पाठवलेल्या ट्यूबच्या मागे एक चौकट असते, त्यात सूर्यकिरण अडवणारे घटक वेगळे काढून त्यांचे टक्केही दिलेले असतात. आपल्या ट्यूबवर सगळे घटक एकाच यादीत असतात, ते आपण वेगळे करायचे.

यादी वाचण्याची एक किल्ली आहे. घटक उतरत्या क्रमाने लिहितात. जे सर्वांत जास्त ते आधी, म्हणून बहुधा पहिला शब्द पाणी असतो. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी, कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतं. तेव्हा पुढे ‘झिंकयुक्त’ असं ठळक लिहिलंय आणि मागे झिंक ऑक्साइड सुगंधाच्याही खाली, अगदी तळाला सापडलं, तर ते नावापुरतं आहे हे ओळखा.

नावं इंग्रजीत असतात आणि लांबलचक असतात. घाबरू नका. मी त्यांच्या तीन रांगा केल्या आहेत. हा कागद झेरॉक्स काढून प्रत्येक विंगच्या नोटीस बोर्डवर लावणार आहे.

पहिली रांग, निवडायचे घटक. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. कधीकधी हे अनुक्रमे सी.आय. ७७९४७ आणि सी.आय. ७७८९१ अशा आकड्यांनी लिहितात. हे खनिज चूर्ण त्वचेच्या वरच्या थरावर बसून राहतं, आत फारसं जात नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये सनस्क्रीनच्या १६ घटकांचा आढावा घेतला, तेव्हा सुरक्षित आणि परिणामकारक मानायला पुरेसा पुरावा आहे असं त्यांनी फक्त या दोघांबद्दल म्हटलं. दोन घटक वापरू नयेत असं सुचवलं आणि उरलेल्या १२ घटकांबद्दल आणखी माहिती मागितली. या खनिजांचा एक तोटा म्हणजे चेहरा पांढरा दिसतो. आमची नात आरशात बघून “मी भूत, मी भूत” करत घरभर पळते. मुलांना त्याचं काही वाटत नाही. लाज आपल्याला वाटते.

दुसरी रांग, लहान मुलांसाठी शक्यतो टाळायचे घटक. यातलं पहिलं नाव ऑक्सिबेन्झोन. ते बेन्झोफिनोन-३ असंही लिहितात, नाव बदललं म्हणून फसू नका. याने काहींना अ‍ॅलर्जी येते, हे त्वचेतून रक्तात उतरतं आणि शरीरातल्या संप्रेरकांवर त्याचा परिणाम होतो का यावर अजून संशोधन चालू आहे. युरोपने २०२२ च्या नियमात अंगाला लावायच्या क्रीममध्ये याची मर्यादा ६ टक्क्यांवरून २.२ टक्क्यांवर आणली. दुसरं ऑक्टिनॉक्सेट, यादीत इथाइलहेक्झिल मेथॉक्सिसिनामेट. मग होमोसॅलेट आणि ऑक्टोक्रिलीन. ऑक्टोक्रिलीन जुनं होत जातं तसतसा त्यात बेन्झोफिनोन नावाचा नको असलेला पदार्थ वाढतो, असं २०२१ च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणून मागच्या उन्हाळ्यातली अर्धी उरलेली ट्यूब यंदा मुलांना लावू नका.

इथे थोडं थांबते, कारण मोबाईलवर यावरून भलतेसलते मेसेज फिरतात. २०१९ मध्ये अमेरिकेत २४ निरोगी प्रौढ माणसांवर एक प्रयोग झाला. अंगाच्या ७५ टक्के भागावर, दिवसातून चार वेळा, चार दिवस सनस्क्रीन लावलं आणि रक्त तपासलं. तपासलेले चारही रासायनिक घटक रक्तात सापडले, आणि तेही ज्या पातळीपुढे अधिक तपासण्या कराव्यात असा तिथला दंडक आहे त्याच्या वर. याचा अर्थ ‘विष सापडलं’ असा नाही. अर्थ एवढाच की ‘आणखी तपासा’. मी प्रयोगशाळेत काम केलेलं आहे, या दोन वाक्यांतला फरक मला नीट कळतो. हे घटक मोठ्यांनी लावले म्हणून लगेच काही बिघडत नाही. पण मुलांच्या बाबतीत माहिती अपुरी असेल आणि हाताशी दुसरा चांगला पर्याय असेल, तर मी पर्याय घेईन.

आणखी काही रासायनिक गाळण्या नव्या पिढीतल्या आहेत, बेमोट्रिझिनॉलसारख्या. त्यांचे रेणू आकाराने मोठे असल्यामुळे त्वचेतून आत फारसे शिरत नाहीत. डॉक्टरांनी अशी ट्यूब लिहून दिली तर शंका घेऊ नका.

तिसरी रांग, मुलांच्या क्रीममध्ये नकोतच असे घटक. गंमत म्हणजे यांचा उन्हाशी संबंधच नाही. पहिला सुगंध : यादीत ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’. या एका शब्दाखाली कितीतरी पदार्थ दडलेले असू शकतात. दुसरा मिथाइलआयसोथायाझोलिनोन. हा क्रीम टिकवणारा पदार्थ आहे. त्याने इतक्यांना अ‍ॅलर्जी झाली की युरोपने लावून ठेवायच्या क्रीममध्ये त्यावर बंदी घातली. तिसरा गट उजळपणासाठी घातलेल्या पदार्थांचा : ग्लायकोलिक आम्ल, सॅलिसिलिक आम्ल, रेटिनॉल. ही मोठ्यांच्या त्वचेची औषधी मंडळी, चार वर्षांच्या गालावर त्यांचं काय काम? माझ्या त्या ट्यूबमध्ये सुगंध आणि आम्ल दोन्ही होते.

आणि स्प्रे घेऊ नका. फवारा नाकातोंडात जातो. झिंक आणि टायटॅनियमसुद्धा त्वचेवर चांगले, फुप्फुसात नव्हे.

एक मर्यादाही सांगून ठेवते. मागची बाजू वाचली म्हणजे सगळं कळलं असं नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत काही सनस्क्रीन स्प्रे बाजारातून परत घेतले गेले, कारण त्यांत बेन्झीन सापडलं. बेन्झीन हा घटक म्हणून कुणी घालत नाही, ती भेसळ. ती यादीत कशी दिसणार? म्हणून बॅच नंबर, उत्पादन परवाना क्रमांक आणि वापरण्याची मुदत असलेलीच ट्यूब, ओळखीच्या केमिस्टकडून, बिल घेऊन आणा.

किती लावायचं? एक साधा हिशेब

एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत मोजतात तेव्हा त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दोन मिलिग्रॅम क्रीम लावतात. पाच वर्षांच्या मुलाच्या अंगाचं क्षेत्रफळ धरा साधारण पाऊण चौरस मीटर, म्हणजे ७,५०० चौरस सेंटिमीटर. गुणाकार करा. अंगभर लावायला १५ ग्रॅम लागतात, एका वेळी. ५० ग्रॅमची ट्यूब जेमतेम तीन वेळा पुरेल. आणि घाम आला, पोहणं झालं, टॉवेलने पुसलं की परत, नाहीतर दर दोन तासांनी परत. एवढं आपण कुणीच लावत नाही. टिकलीएवढं लावतो आणि ५० चा आकडा बघून निर्धास्त होतो.

आता त्याच मुलाला पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, लांब पँट आणि रुंद काठाची टोपी घाला. उघडं काय राहिलं? चेहऱ्याचा काही भाग, मान, हातांचे पंजे, पावलं. दोन-तीन ग्रॅममध्ये काम भागलं. बघा, घटक सुरक्षित आहे की नाही हा प्रश्नसुद्धा कपड्यांनी निम्म्याहून लहान झाला. म्हणून आमच्या घरचा क्रम आता असा : आधी वेळ, मग सावली, मग कपडे, आणि उरलेल्या जागेला क्रीम.

हातावरची परीक्षा

कोणतीही नवी ट्यूब थेट चेहऱ्यावर नको. मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर थोडंसं लावा. दिवसातून दोन वेळा, आठवडाभर, रोज त्याच जागी. लाल झालं, खाज आली, पुरळ उठलं तर ती ट्यूब त्या मुलासाठी नाही, भले ती शेजारच्या मुलाला चालत असेल. इसब किंवा अ‍ॅलर्जीचा त्रास असलेल्या मुलांच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारा. क्रीम बाहेर पडण्याआधी १५ ते ३० मिनिटं लावा, डोळ्यांच्या अगदी जवळ आणि हातांच्या बोटांवर लावू नका, आणि रात्री झोपण्यापूर्वी आंघोळ घालून धुऊन काढा.

यंदा गुढीपाडव्यानंतरची गोष्ट. सूनबाईने एक नवी ट्यूब आणली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, “आई, जरा मागचं वाचून द्या.” दोन वर्षांनी ती ट्यूब माझ्या हातात आली होती. मी भिंग घेऊन दोनदा वाचली.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : माझं बाळ चार महिन्यांचं आहे. त्याला कोणतं लावू?

कोणतंच नाही. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला सनस्क्रीन लावायचं नाही, थेट उन्हातच न्यायचं नाही. टोपडं, अंगभर सुती कपडे आणि सावली. अगदीच सावली मिळण्यासारखी नसेल तर काय करायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : मग तेल लावून कोवळ्या उन्हात धरायची आपली पद्धत? त्याने व्हिटॅमिन डी मिळतं ना?

कोवळं ऊन सौम्य असतं, थोडा वेळ धरलं तर बिघडत नाही. पण व्हिटॅमिन डी तयार करतात ते यूव्ही-बी किरण, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात तेच कमी असतात. त्या उन्हावर विसंबून राहू नका. पहिल्या वर्षभर रोज ४०० युनिट व्हिटॅमिन डीचे थेंब द्यावेत, अशी आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचीही शिफारस आहे. मोठ्या मुलांचंही तसंच. आपला देश एवढ्या उन्हाचा, तरी २०१६ ते १८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शाळकरी मुलांपैकी १८ टक्के आणि किशोरवयीन मुलांपैकी २४ टक्के मुलांमध्ये याची कमतरता आढळली. मुलांना उन्हापासून कोंडून ठेवा, असं मी मुळीच सांगत नाही. खेळू द्या. फक्त भाजू देऊ नका.

प्रश्न : घरगुती काही नाही का? हळद, लिंबू, खोबरेल तेल?

खोबरेल तेलाने ऊन अडत नाही, निदान भरवसा ठेवण्याइतकं नाही. आणि लिंबू तर मुळीच नको. लिंबाचा रस अंगावर राहिला आणि त्यावर कडक ऊन पडलं तर त्वचा भाजल्यासारखी होते, फोडही येतात, डाग महिनोन्महिने राहतात. पिकनिकला मुलं लिंबू पिळतात आणि तशीच उन्हात पळतात. आधी हात धुवायला लावा. ‘नैसर्गिक’ म्हणजे सुरक्षित, हे समीकरण डोक्यातून काढा.

प्रश्न : आपली त्वचा मुळात सावळी. आपल्याला एवढं हवंच का?

चांगला प्रश्न. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन हे निसर्गाचंच संरक्षण आहे, आणि गोऱ्या लोकांच्या तुलनेत आपल्यात त्वचेचा कर्करोग खूप कमी आहे. त्यामुळे परदेशातली सगळी भीती इथे आणायची गरज नाही. पण भाजणं, पुरळ, डोळ्यांना त्रास हे आपल्याही मुलांना होतं. आणि आता थोडं परखड बोलते. आपल्याकडे कितीतरी घरांत मुलींना सनस्क्रीन लावतात ते भाजू नये म्हणून नव्हे, काळी पडू नये म्हणून. “उन्हात खेळू नको, काळी पडशील,” हे वाक्य मी याच सोसायटीच्या जिन्यात ऐकलंय, आणि ते मुलग्याला म्हटलेलं कधी ऐकलं नाही. या एका वाक्यापायी मुलीचं खेळणं सुटतं आणि तिच्या चेहऱ्यावर उजळपणाची रसायनं येतात. क्रीम लावायचं कारण शुद्ध असलं की क्रीमही साधं निवडलं जातं.

प्रश्न : संध्याकाळी डास असतात. डास आणि ऊन दोन्हींचं एकत्र क्रीम मिळतं, ते चालेल?

नको. सनस्क्रीन दर दोन तासांनी परत लावायचं असतं, डासांचं मलम तसं वारंवार लावायचं नसतं. दोन्ही वेगवेगळी ठेवा.

शेवटी, आपल्या आवाराबद्दल

शिबिराचं वेळापत्रक लिफ्टजवळ लागलंय, ते मी वाचलं. क्रिकेट साडेदहा ते साडेबारा. कमिटीला विनंती आहे की ते सकाळी सात ते नऊ करावं. मुलं लवकर उठणार नाहीत असं म्हणू नका. गणपतीत पहाटे पाचला उठतात ती.

आणि दुसरं. पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा या आवारात फक्त सिमेंटची पोती आणि वाळूचे ढीग होते. पहिल्या पावसाळ्यात आपण दहा-बारा जणांनी खेळाच्या जागेच्या कडेने कडुनिंब आणि करंज लावले. बादलीने पाणी घातलं. आज दुपारी तीन वाजतासुद्धा झोपाळ्यावर सावली असते ती त्यांची. मागच्या वार्षिक सभेत त्यांतली दोन झाडं काढून चार गाड्यांची जागा करावी असा अर्ज आला होता, तो अजून निकाली निघालेला नाही. गाड्यांची अडचण मलाही कळते, माझ्या मुलाची गाडी रस्त्यावरच लागते. तरी पुढच्या सभेत हात वर करण्याआधी एकदा भर दुपारी त्या झोपाळ्याजवळ जाऊन उभे राहा. त्या सावलीच्या मागे घटकांची यादी वाचावी लागत नाही, तिची मुदत संपत नाही, आणि ती दर दोन तासांनी परत लावावी लागत नाही.

पुढच्या रविवारी संध्याकाळी सहा ते सात मी इथेच, क्लब हाऊसमध्ये भिंग घेऊन बसणार आहे. घरातली ट्यूब घेऊन या. मागची बाजू आपण मिळून वाचू.



(या भाषणानंतर शिबिरातील क्रिकेटची वेळ सकाळी ७ ते ९ करण्यात आली. – संपादक मंडळ)